भट्टीच्या शेडमधून काउंटरवर: बेळगाव सीमाभागातील सेवांमध्ये ‘लीन’ कसं आलं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गेल्या दहा-बारा वर्षांत ‘लीन’, म्हणजे कामातला फुकट जाणारा वेळ, माल आणि खटाटोप काढून टाकायची पद्धत, कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलं. दवाखान्याच्या ओपीडीत फरशीवर पिवळे पट्टे आले, सोसायट्यांत कर्जाच्या फायलींवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या, कचेरीतल्या अर्जाला पंधरा आकडी नंबर मिळू लागला. यातलं शेवटचं काम लीनच्या नावाने झालेलं नाही, सरकारी कागदात हा शब्दही सापडत नाही. पण तिन्ही ठिकाणी भांडण एकाच जागी येऊन थांबतं. गिऱ्हाइकाची वेळ कुठून मोजायची आणि परत पाठवलेला माणूस कुठल्या रकान्यात लिहायचा, यावर अजून एकमत नाही. या टिपणातली बरीच जागा त्यालाच दिली आहे.

सात प्रकारचा अपव्यय, फाइव्ह एस (जागेची शिस्त), कानबान (गरजेपुरतं मागवायची चिठ्ठी), कायझेन (रोजच्या छोट्या सुधारणा) यांची लांबलचक ओळख इथे करून द्यायला नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी शेडच्या भिंतींवर ते तक्ते धुरकट होईपर्यंत लटकलेले आहेत. मूळ गोष्ट युद्धानंतरच्या जपानची. भांडवल नाही, गोदामाला जागा नाही, गिऱ्हाईक थोडं आणि तऱ्हेतऱ्हेचं. त्या अडचणीतून एका मोटार कंपनीने लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच बनवण्याची पद्धत बसवली. तिला लीन हे नाव जपान्यांनी दिलेलं नाही. ते १९८८ साली एका अमेरिकी संशोधकाच्या लेखात आलं आणि १९९० नंतर जगभर झालं. बेळगावकरांच्या दृष्टीने गमतीची गोष्ट अशी, की १८८८ च्या सुमारास याच गावात सायकलींच्या दुकानापासून ज्या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात झाली, त्याच घराण्याच्या उद्योगसमूहाने १९९७ मध्ये त्या जपानी कंपनीशी भागीदारी करून बिडदीला मोटारींचा कारखाना काढला. मधल्या काळात गावाने त्यांना जागा सोडायला लावली होती, ते प्रकरण वेगळं.

कारखान्यातली शिस्त सेवेत आणावी हा विचार लीन या नावाहून जुना आहे. १९७२ मध्येच एका अमेरिकी प्राध्यापकाने तयार खाद्यपदार्थांच्या दुकानांचा दाखला देऊन तो मांडला होता. मदुराईच्या नेत्ररुग्णालयात एकाच शस्त्रक्रियागृहात दोन टेबलं मांडली, म्हणजे एका रुग्णाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याची तयारी झालेली असते. ती मंडळी याला लीन म्हणत नव्हती. २००२ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या एका रुग्णालयाचे वरिष्ठ जपानला जाऊन कारखाने पाहून आले आणि तिथून दवाखान्यांची रीघ लागली. बंगळूरच्या एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीने २००४ च्या सुमारास हीच पद्धत प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामाला लावून पाहिली.

सगळीकडे ते गोडीगुलाबीने झालं नाही. ब्रिटनच्या करखात्यात कर्मचाऱ्यांच्या टेबलांवर काळ्या पट्ट्या चिकटवून कीबोर्ड कुठे, फोन कुठे ते आखून दिलं गेलं. टेबलावरचं केळं आत्ता खायचं असेल तर ‘चालू’, नसेल तर ‘बंद’ समजून उचलायचं, इथवर गोष्ट गेल्यावर २००७ मध्ये वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली. त्याच देशातल्या एका सल्लागाराने मात्र टिंगलीच्या पलीकडचा मुद्दा मांडला. सेवेच्या खिडकीवर येणाऱ्या गर्दीतला मोठा भाग नव्या कामाचा नसतोच. आधीच्या वेळी काम झालं नाही, अर्धवट झालं किंवा चुकलं म्हणून परत आलेली ती माणसं असतात. त्यांना झटपट निपटवण्याची तालीम करण्यापेक्षा ती परत का आली ते बघा, असं त्याचं म्हणणं. हा मुद्दा बेळगावात फारसा पोचला नाही. पट्ट्या मात्र पोचल्या.

इथे लीन आलं ते फाउंड्रीतून, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांतून. वाहनांचे आणि पंपांचे सुटे भाग घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांवर ते लादलं म्हटलं तरी चालेल. १९९८ मध्ये राज्याचं तंत्रविद्यापीठ बेळगावला आलं, तशी प्रोजेक्टसाठी शेडमध्ये स्टॉपवॉच घेऊन फिरणारी पोरंही आली. केंद्राने लघुउद्योगांसाठी लीनची योजना २००९ च्या सुमारास प्रायोगिक तत्त्वावर आणली. दहाएक कारखान्यांनी गट करायचा, सल्लागार एकच, आणि त्याच्या खर्चातला ८० टक्के भार सरकारचा. यातून जी माणसं तयार झाली, तीच पुढे दवाखान्यांत आणि सोसायट्यांत सल्ला द्यायला गेली. त्यांचे गुण आणि खोडी दोन्ही फाउंड्रीतल्या.

फाउंड्रीत एक गोष्ट लपत नाही: रिजेक्शन, म्हणजे बाद माल. साचा फोडला, कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, निघालं, की माल बाजूला पडतो. फेटलिंगला (कडा घासून साफ करायला) गेल्यावर निघालं तर तोटा वाढतो, आणि पार्टीकडे (गिऱ्हाईक कंपनीकडे) जाऊन मशिनिंगमध्ये निघालं तर डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) येते. टक्केवारी रोज फळ्यावर. परत भट्टीत गेलेलं लोखंड कुणीही उत्पादनात धरत नाही. वीज, वाळू, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा), मजुरी सगळं बुडालं हे हेल्परलाही ठाऊक असतं. लीनची बाकीची अवजारं या एका निर्लज्ज आकड्याच्या आधाराने उभी राहतात. सेवेत येताना अवजारं सगळी आली, हा आकडा मागेच राहिला.

सहकारी सोसायट्या आणि बँकांचं जुनं रूप पाहिलं की सुरुवातीला लीनने काय साधलं ते कळतं. पैसे काढायला स्लिप आणि पासबुक लेजर क्लार्ककडे द्यायचं, पितळी टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं. क्लार्क लेजरमध्ये नोंद करणार आणि सहीचा नमुना ताडणार, शिपाई स्लिप साहेबांच्या टेबलावर नेणार, साहेब ‘पास’ करणार, मग ती कॅशियरकडे जाणार आणि तो टोकनचा नंबर पुकारणार. प्रत्यक्ष काम चार-पाच मिनिटांचं. उरलेला वेळ स्लिप कुठल्या तरी ट्रेमध्ये पालथी पडलेली असायची. मोठ्या बँकांत संगणक आणि सिंगल विंडो आल्यावर हे मोडलं. गल्लीतल्या सोसायट्यांत संगणक येऊनही कागद बरीच वर्षं त्याच टेबलांवरून फिरत राहिला. तिथे टेबलं हलवणं, ठरावीक रकमेपर्यंत काउंटरवरच पास करण्याचा अधिकार देणं, पिग्मी एजंटांचा (रोजची बचत दारोदार गोळा करणाऱ्यांचा) भरणा वेगळ्या खिडकीवर घेणं, एवढ्यानेही रांग निम्मी होते. हे यश खरं आहे आणि त्याचं श्रेय या सल्लागारांना द्यायला हवं. ‘लीन म्हणजे माणसं कमी करणं’ ही भीती कर्मचाऱ्यांत होती, आणि निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत तिथे ती निराधारही नव्हती.

पुढची पायरी कर्जाची. वादाचा निर्णय तिथे झाला. कर्ज किती दिवसांत मिळतं हे मोजायचं, तर पहिला दिवस कुठला? बहुतेक ठिकाणी ठरलं, की फाईल पूर्ण झाल्यापासून. बाजू समजण्यासारखी आहे. जामीनदार कधी येईल, त्याची पगाराची स्लिप कधी मिळेल, तलाठ्याकडून उतारा कधी निघेल, हे सोसायटीच्या हातात नाही. मग त्याचं घड्याळ आपल्या गळ्यात कशाला? या हिशेबाने कर्ज चार दिवसांत मंजूर होतं आणि वार्षिक सभेत तसं सांगताही येतं. पण यळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या हिशेबात महिना गेलेला असतो. पहिल्या फेरीत त्याला पाच कागद सांगितले, ते आणल्यावर सहावा सांगितला, मग दुसऱ्या सोसायटीचा नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) आणायला धाडलं. बेळगावात गल्लीगणिक सोसायटी, त्यामुळे नो ड्यूजच्याच तीन-चार फेऱ्या. यातले दोन कागद तर मागच्या कर्जाच्या वेळी दिलेले, त्याच इमारतीत माळ्यावर बांधून ठेवलेले असतात. फाईल ‘अपूर्ण’ म्हणून परत गेली की ती कुठेच नोंदली जात नाही. फाउंड्रीत हे रिजेक्शन ठरलं असतं, इथे ती फाईल जन्मालाच आलेली नसते.

दवाखान्यात हेच जरा वेगळ्या रूपात दिसतं. केसपेपरच्या खिडकीवर टोकन निघालं की घड्याळ सुरू आणि डॉक्टरांनी तपासलं की बंद. कणकुंबीकडून पहिल्या गाडीने आलेला माणूस खिडकी उघडण्याआधी तास-दीड तास व्हरांड्यात बसतो, तो वेळ हिशेबाबाहेर. डॉक्टर उपाशीपोटी रक्त तपासायला सांगतात. हा पहाटे भाकरी खाऊन निघालेला. म्हणजे उद्या परत, नाहीतर कुणा पाहुण्याकडे मुक्काम. नोंदवहीत या दिवशी एक रुग्ण तपासला आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक. दोन्ही वेळा प्रतीक्षा ठरवलेल्या मर्यादेच्या आत, कामगिरी चोख. येण्याआधी उपाशी राहा, एवढा निरोप फोनवर गेला असता तर एक फेरी वाचली असती, पण मग आकडाही एकने कमी झाला असता.

हाच निर्णय सरकारने कायद्यात लिहिला. कर्नाटकाचा नागरिकांना सेवांची हमी देणारा कायदा २०११ चा; ‘सकाल’ या नावाने तो २ एप्रिल २०१२ पासून राज्यभर लागू झाला, सुरुवातीला ११ खात्यांच्या १५१ सेवांना. मुदत टळली तर अर्जदाराला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, आणि ते कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडून वसूल. सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला लागू असलेला महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. त्यात अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. अर्जदाराच्या हातात थेट पैसे पडण्याची कर्नाटकाची तरतूद आपल्याला जास्त बरी वाटते. ‘सकाल’ येण्याआधी अर्ज कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला शिपायाचा चहा लागायचा. नंबर आल्यावर ते मोबाईलवर दिसू लागलं. ही साधी गोष्ट नव्हे.

अडचण पुढेच आहे. घड्याळ सुरू होतं पोचपावतीच्या नंबरापासून, आणि थांबतं दोन प्रकारांनी: सेवा दिली तर, किंवा कारण देऊन अर्ज फेटाळला तर. दोन्ही ‘मुदतीत निकाली’. भट्टीत परत गेलेलं कास्टिंग ‘वेळेत रवाना’ लिहावं तसं हे झालं. मुदत संपत आलेला अडचणीचा अर्ज फेटाळणं ही अधिकाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त वाट, आणि नंबर पाडण्याआधीच ‘एवढं आणून या’ म्हणून परत पाठवणं त्याहून स्वस्त. यावर सरकारी बाजूने उत्तर असं, की अपुऱ्या अर्जावर मुदत लावली तर खोटे दाखले सुटतील, आणि फेटाळल्यावर अपिलाची सोय आहेच. सोय आहे. मजुरी बुडवून तालुक्याला अपील करायला कोण जातो, एवढंच विचारावंसं वाटतं.

सीमाभागात या फेटाळण्याला आणखी एक पदर आहे, आणि तो कुठल्याही प्रवाह-नकाशात (कामाच्या पायऱ्यांच्या आराखड्यात) सापडत नाही. नाडकचेरीतला (तालुक्याखालच्या महसूल कचेरीतला) अर्ज कन्नडमध्ये भरला जातो. मराठी शाळेत शिकलेल्या अर्जदाराचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत. ऑपरेटर ऐकून नाव टाइप करतो. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं पूर्ण नाव की नुसतं आद्याक्षर, हे दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि रेशन कार्डावर तिसरं. मग ‘नाव जुळत नाही’. म्हणून कचेरीबाहेर फॉर्म भरून देणाऱ्यांची टेबलं लागली. पन्नास-शंभर रुपयांत ते जे काम करतात ते लीनच्या भाषेत सरळ पुनर्काम आहे, फक्त त्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. जिथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतूनही द्याव्यात, असं राज्यपुनर्रचनेनंतरच्या संरक्षण योजनेत ठरलेलं. मराठीतून परिपत्रकं आणि अर्ज मिळावेत ही मागणी इथे दशकानुदशकं चालू आहे, आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंनी केवळ अस्मितेचा प्रश्न म्हणूनच पाहिलं जातं. कचेरीचा वेळ वाचवण्याचा उपाय म्हणून तिचा विचार कुणी केलेला नाही. दोन भाषांतला फॉर्म छापायचा खर्च रिजेक्शनच्या खर्चापुढे किती, हा हिशेब फाउंड्रीतल्या कुठल्याही सुपरवायझरने दुपारच्या सुट्टीत करून दिला असता.

२०२० च्या साथीने काही गोष्टी जबरदस्तीने बदलल्या. ओपीडीला फोनवरून वेळ देणं सुरू झालं, पिग्मीची पावती मोबाईलवर आली, सोसायट्यांनी कागदांचे फोटो चालवून घेतले. साथ ओसरल्यावर यातलं काही टिकलं, काही नाही. फोटो पुन्हा ‘झेरॉक्स, सही करून’ वर आला. मार्च २०२३ मध्ये केंद्राची लीन योजना सुधारून आली. आता तीन पायऱ्या आहेत, सल्ल्याच्या खर्चात सरकारचा वाटा ९० टक्के, पण भर अजून उत्पादनावरच. सेवेतल्या छोट्या संस्थांनी सल्लागार आणायचा तो पदरचे पैसे घालून, आणि पदरचे पैसे घालणारा साहजिकच फळ्यावर चांगला आकडा मागतो.

अलीकडे एक-दोन सोसायट्यांत कर्जाच्या अर्जावर कोपऱ्यात चौकट छापली आहे: अर्जदार कितव्यांदा आला. काउंटरवरच्या मुलीने दर वेळी एक रेघ मारायची आणि परत का पाठवलं ते एका शब्दात लिहायचं. सल्लागाराला ती चौकट पसंत आहे. संचालक मंडळासमोर ती ठेवायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही.