लॅक्टेटचा आकडा आयसीयूत कसा आला

गंभीर रुग्ण आयसीयूत आला की पहिल्या तासाभरातच रक्तातले लॅक्टेट (पेशी साखर वापरताना तयार होणारे लॅक्टिक आम्लाचे रूप) तपासले जाते. लिटरला 2 मिलिमोलच्या वर गेले की डॉक्टर सावध होतात, 4 च्या वर गेले की धावपळ सुरू होते.

कार्ल शेले यांनी 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे काढले. आजाराशी त्याचे नाते 1843 मध्ये दिसले. जर्मनीतील योहान योझेफ शेरर यांना बाळंतज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते सापडले. मात्र मोजमाप किचकट असल्याने रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला पुढे शतकाहून अधिक काळ लागला.

1964 मध्ये ब्रोडर आणि मॅक्स हॅरी वाइल यांनी शॉकमधल्या (रक्ताभिसरण कोलमडलेल्या) रुग्णांत ‘जादा लॅक्टेट’ मोजले. त्यासाठी पायरुवेटही (साखर मोडताना लॅक्टेटच्या आधी तयार होणारे द्रव्य) मोजून हिशेब करावा लागे. वाइल आणि अफिफी यांनी 1970 मध्ये 142 रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की हा खटाटोप नको, साधे लॅक्टेट पुरते. ते 2.1 वरून 8 पर्यंत चढले की जगण्याची शक्यता 90 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर येत होती. आमच्या मते या चाचणीच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल हेच.

2016 च्या व्याख्येत सेप्टिक शॉकसाठी (जंतुसंसर्गातून आलेल्या शॉकसाठी) दोन अटी एकत्र आल्या: पुरेसे द्रव देऊनही सरासरी रक्तदाब 65 मिमी पारा राखायला औषध लागणे आणि लॅक्टेट 2 च्या वर असणे. अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 40 टक्क्यांहून अधिक आढळले.

पण भाकीत करणारा आकडा उपचाराचे लक्ष्यही होऊ शकतो का? 2019 च्या ॲन्ड्रोमेडा-शॉक चाचणीत 424 रुग्ण होते. एका गटात दर 2 तासांनी लॅक्टेट 20 टक्के उतरवण्याचा प्रयत्न झाला. दुसऱ्यात दर अर्ध्या तासाने बोटाच्या पेरावर काचपट्टी 10 सेकंद दाबून धरायची, सोडायची आणि लाली 3 सेकंदांत परतते का, म्हणजे रक्त टोकापर्यंत पोहोचते का, ते पाहून उपचार ठरवायचे. 28 दिवसांतले मृत्यू लॅक्टेट गटात 43.4 टक्के, बोटाच्या गटात 34.9 टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यासाठी उतरला नाही, तरी साध्या बोटाला पुन्हा मान मिळाला. कारणही समजण्यासारखे आहे. लॅक्टेट केवळ ऑक्सिजन कमी पडल्यानेच वाढत नाही. ॲड्रेनालिनचे ड्रिप चालू असले तरी ते चढते, आणि यकृत थकलेले असले तर रक्ताभिसरण सुधारल्यावरही उतरायला वेळ लावते. अशा वेळी आकड्यामागे लागून सलाईन ओतत राहिले तर पाणी फुप्फुसात साठते.

आकडा बिघडतो तो बहुधा नमुना घेतानाच. तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले घटक) नसल्याने त्या सिरिंजमध्येही साखर वापरून लॅक्टेट बनवत राहतात. म्हणून एबीजीचा (धमनीतल्या रक्तातील वायूंच्या तपासणीचा) नमुना 15 मिनिटांत मशीनवर लावावा. उशीर होणार असेल तर फ्लोराइडची राखाडी टोपीची ट्यूब वापरावी आणि ती बर्फात पाठवावी. दंडाचा पट्टा फार वेळ आवळू नये, मूठ उघडझाप करायला लावू नये. ज्या हातात रिंगर लॅक्टेट (लॅक्टेट असलेले सलाईन) चालू आहे, त्या हातातून रक्त घेऊ नये. रिपोर्टवर एककही बघावे: 4 मिलिमोल म्हणजे सुमारे 36 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘लॅक्टेट नऊपट झाले’ असा घोळ यातूनच होतो.