दाह उठावा, पण वेळेत बसावाही

बऱ्याच दिवसांनी व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होऊन तिथे दाह सुरू झालेला असतो. दाह म्हटलं की आपला हात गोळीकडे जातो, पण दुरुस्तीची सुरुवातच त्याने होते. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, मागोमाग मॅक्रोफेज येतात. ते आधी मोडतोड गिळून साफ करतात आणि दोन-तीन दिवसांत पवित्रा बदलून स्नायूच्या मूळपेशींना वाढीचे इशारे देऊ लागतात. खरी मेख या पवित्रा बदलण्यातच आहे.

वयानुसार नेमकं हेच रेंगाळतं. शिवाय रक्तात थोडा दाह बारा महिने असतोच. इटलीचे क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटलं. टाइप 2 मधुमेहाने त्यात भर पडते. पोटातल्या चरबीत मॅक्रोफेज ठाण मांडतात. तिथून सुटणारं टीएनएफ-अल्फा हे प्रथिन पेशीत इन्शुलिनचा संदेश अडवतं. चढ्या साखरेत न्यूट्रोफिलही नीट काम करत नाहीत. मधुमेहींच्या जखमा चिघळतात, त्यामागे हेही एक कारण.

मग व्यायामाने आगीत तेलच पडणार? तसं होत नाही. आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-6 सोडतो; मॅरेथॉननंतर त्याचं रक्तातलं प्रमाण शंभर पटींपर्यंत जाऊ शकतं. एरवी दाहाच्या खात्यात मोडणारा हा रेणू इथे उलटं वागतो: त्याच्या पाठोपाठ दाह शमवणारे इंटरल्यूकिन-10सारखे रेणू वाढतात आणि टीएनएफ-अल्फाला लगाम बसतो. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या गटाने हे उलगडून दाखवलं.

वेदनाशामकांचे प्रयोग तर चक्रावून टाकणारे आहेत. रोज 1200 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन घेत आठ आठवडे वजनं उचलणाऱ्या तरुणांचे स्नायू कमी वाढले. साठीपुढच्या लोकांनी तेवढ्याच मात्रेवर बारा आठवडे व्यायाम केला, तर त्यांचे जास्त वाढले! तरुणाचा उपयोगी दाह दाबला गेला, वृद्धाचा नको असलेला कमी झाला, हा अर्थ मला पटतो. पण म्हणून वृद्धांनी मनानेच गोळ्या सुरू करू नयेत. मधुमेहात मूत्रपिंडं आधीच नाजूक असू शकतात आणि या औषधांचा ताण त्यांच्यावरच येतो.

व्यायामाने सुधारलेली इन्शुलिनची दाद साधारण एक-दोन दिवस टिकते. त्यामुळे मधुमेहींनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये, असं सांगतात.