अर्धा गुडघा बदलताना: सिमेंटचा की बिनसिमेंटचा?

गुडघ्याची एकच बाजू (बहुतेक वेळा आतली) झिजली असेल आणि लिगामेंट (हाडांना एकत्र बांधून ठेवणारे पट्टे) शाबूत असतील, तर अख्खा सांधा न बदलता तेवढाच भाग बदलता येतो. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची पट्टी, मधे प्लॅस्टिकची गादी. दोन प्रकारांतला फरक धातू हाडाला कसा धरतो, एवढाच. ‘बिनसिमेंटचा घेतला तर गुडघा जास्त वाकेल ना?’ असं आम्हाला सर्रास विचारलं जातं. वाकण्याचा याच्याशी संबंध नाही.

सिमेंट म्हणजे अ‍ॅक्रिलिक. पावडर आणि द्रव ऑपरेशनच्या वेळीच कालवतात, कणकेसारखा गोळा होतो आणि काही मिनिटांत तापत तापत घट्ट होतो. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून तो पट्टी पकडून ठेवतो. पकड पहिल्या दिवसापासून पक्की. मात्र कडेने बाहेर आलेलं सिमेंट नीट काढावं लागतं. मागे राहिलेला कण सांध्यात टोचू शकतो.

बिनसिमेंटच्या इम्प्लांटची हाडाकडची बाजू खडबडीत टायटॅनियमची, वर हायड्रॉक्सिॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा) थर. ते ठोकून घट्ट बसवतात आणि पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत हाड त्यात वाढतं. तोवर भिस्त नुसत्या घट्ट बसण्यावर. चालायला मात्र साधारणपणे दोन्हींत लगेचच लावतात. नडगीचं हाड लहान किंवा ठिसूळ असेल तर ठोकताना किंवा नंतर तडा जाण्याचा धोका थोडा जास्त. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आतल्या बाजूला अचानक कळ वाढली, पाय टेकवेना, तर ‘ऑपरेशनचं दुखणं असेल’ म्हणून अंगावर काढू नका. एक्स-रे काढा.

एक्स-रेवरून आठवलं. सिमेंटच्या पट्टीखाली पुष्कळदा एक बारीक काळी रेघ दिसते. ती पातळ, ठळक कडेची आणि वर्षानुवर्षं तेवढीच असेल तर सांधा ढिला झाला असं नव्हे. पण दुखणाऱ्या गुडघ्यात तीच रेघ दाखवून पुन्हा ऑपरेशन सुचवलं जातं, आणि दुखणं तिच्यामुळे नसेल तर ते नंतरही राहतंच. बिनसिमेंटमध्ये अशी रेघ क्वचित दिसते. इंग्लंड-वेल्सच्या नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीत (बदललेल्या सांध्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) बिनसिमेंटच्या ऑक्सफर्ड (अर्ध्या गुडघ्याचं एक प्रचलित मॉडेल) सांध्यांना १० वर्षांत पुन्हा ऑपरेशन कमी लागलेलं दिसतं, त्यामागे हेही एक कारण असावं. गादी सरकणं, दुसरी बाजू झिजणं हे मात्र दोन्हींत होऊ शकतं.

आम्ही दोन्ही प्रकार पुरवतो, तरी सल्ला एकच: प्रकारापेक्षा आधी डॉक्टरांना विचारा की अर्धा गुडघा ते नेहमी करतात का आणि त्यांचा हात कशावर बसलाय. हाड ठिसूळ असेल तर ते सिमेंटकडे झुकले, यात नवल नाही.

आणि डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये लागलेत ना, ते पाहा. त्यावर प्रकार, साइज आणि लॉट नंबर असतो. पुढे कधी गादी बदलायची वेळ आली, तर डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.