‘चला, लगेच निघणार!’

दुपारचे दोन. तालुक्याच्या स्टँडबाहेर वडापची, म्हणजे सीटा भरून नेणारी खासगी, जीप उभी आहे. मागच्या बाकावर एक आजी कधीच्या येऊन बसल्यात. मांडीवर दवाखान्याची पिशवी, काठी दोन गुडघ्यांत धरलेली. ड्रायव्हर ओरडतोय, ‘चला, लगेच निघणार!’ गाडीत चौघंच आहेत. नऊ सीटा भरल्याशिवाय ती हलणार नाही.

या ताटकळण्याचं गणित करून बघू. समजा, दर 4 मिनिटांनी एक प्रवासी येतो. पहिल्याला आणखी आठ जण येईपर्यंत 32 मिनिटं बसावं लागतं, नवव्याला अजिबात नाही. सरासरी 16 मिनिटं. सकाळ-संध्याकाळ मिनिटाला दोघं येत असतील, तर हीच सरासरी 2 मिनिटांवर येते. तीन सीटांच्या शेअर रिक्षात मात्र भर दुपारीही पहिला प्रवासी 8 मिनिटांत सुटतो. प्रवासी तुरळक असतील तिथे लहान गाडीच बरी.

आता दिवसाचा हिशोब. गर्दीच्या चार तासांत 480 जण, दुपारच्या सहा तासांत 90. सगळ्यांची मिळून सरासरी येते 4 मिनिटांच्या जरा वर. कागदावर सेवा झकास! पण त्या 90 जणांपैकी दहा जण अर्धा तास उकाड्यात बसून होते. आणि दुपारी निघणारे बहुतेक दवाखान्याचे, बाजाराचे, लेकरं कडेवर घेतलेले. त्यामुळे अशा सेवेची तपासणी वेळेनुसार वेगवेगळी व्हायला हवी, एका सरासरीवर भागत नाही.

भाड्याचंही तसंच. एसटीत 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून मोफत प्रवास आहे, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. वडापमध्ये दोघांनाही पूर्ण पैसे. ज्या गावाला दुपारची एसटी नाही, तिथे ही सवलत आजींच्या हाती पडतच नाही.

याहून मोठी चूक मोजणीत होते. स्टँडवर उभं राहून विचारलं, तर आलेल्यांचीच मतं मिळतात. जीपची पायरी गुडघ्याइतकी उंच. व्हीलचेअरवरचा माणूस घरातून निघतच नाही, मग त्याची नोंद कुठून होणार?

अमेरिकेत 1990च्या अपंग हक्क कायद्याने यावर नियम केले. ज्यांना अपंगत्वामुळे साधी बस वापरता येत नाही, त्यांच्यासाठी शहर बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत वेगळी गाडी द्यावी लागते. भाडं बसच्या दुपटीहून जास्त घेता येत नाही. आदल्या दिवशी मागणी नोंदवली की मागितलेल्या वेळेच्या तासाभराच्या आत गाडी ठरवून द्यावी लागते. वारंवार गाडी नाकारणं किंवा उशिरा पाठवणं हा नियमभंग ठरतो, त्यामुळे नाकारलेल्या फेऱ्याही मोजाव्या लागतात.

वडापवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. रिकाम्या सीटांवर त्याचं डिझेल निघत नाही. दुपारच्या दोन फेऱ्या ठरल्या वेळी सुटाव्यात आणि उरलेल्या सीटांचे पैसे सरकारने भरावेत, असं मला मनापासून वाटतं. त्याचा उपयोग झाला का, हे बघताना घड्याळ मात्र आजी बाकावर टेकल्या तेव्हापासून लावायचं.