पांढऱ्या पंखांचे कुरव: ओळख आणि वय

पांढऱ्या पंखांचे कुरव म्हणजे उत्तरेकडचे असे मोठे सीगल ज्यांच्या पंखांच्या टोकाला काळा रंग नसतो. आता मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे जे सीगल लागतात तेही पांढरेच की, मग हे वेगळे कसले, असं कुणीही म्हणेल, पण आपल्याकडच्यांनी पंख उघडले की टोकाला कुठेतरी काळं दिसतंच, ह्यांच्यात ते नसतं. गटातले मुख्य दोन म्हणजे ग्लॉकस गल आणि आइसलँड गल. पॅसिफिकच्या बाजूचा ग्लॉकस-विंग्ड गलही यांच्यातच धरतात, त्याची टोकं पाठीसारखीच राखाडी असतात. गंमत म्हणजे आइसलँड गल आइसलँडमध्ये घरटं करतच नाही, तो ग्रीनलंड आणि कॅनडाच्या आर्क्टिक भागातला, आइसलँडला येतो तो हिवाळ्यात. त्याची कॅनडातली उपजात म्हणजे कुमलिन्स, हिच्या टोकांवर राखाडी पट्टे असतात, एखाद्यावर नावालाच तर एखाद्यावर चांगले गडद. त्यात २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञांनी थेयर्स गल या आधी वेगळ्या मानलेल्या कुरवालाही आइसलँड गलमध्येच धरलं, आणि त्याची टोकं तर काळपट असतात, म्हणजे "पांढरे पंख" हे नाव आता जरा सैलच झालंय.

ओळखताना घोळ होतो तो बहुतेक वेळा वयामुळे. हे मोठे कुरव पूर्ण वाढायला साधारण चार वर्षं घेतात आणि तोपर्यंत दरवर्षी वेगळे दिसतात, त्यामुळे आधी वय ठरवायचं, मग नाव. पहिल्या हिवाळ्यात पिल्लू दूध जास्त घातलेल्या कॉफीच्या रंगाचं असतं, अंगभर बारीक नक्षी, डोळा काळा, आणि पंखांची टोकं अंगापेक्षा फिकी. ही शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची, कारण बाकी मोठ्या कुरवांच्या पिल्लांची टोकं अंगापेक्षा गडद असतात. दुसऱ्या हिवाळ्यात नक्षी पुसट होते, बुबुळ फिकं व्हायला लागतं. तिसऱ्या वर्षी पाठीवर राखाडी रंग चढतो, चोच पिवळी होत जाते पण टोकाजवळ काळा डाग राहतो. पुढे पाठ फिकी राखाडी, चोच पिवळी आणि खालच्या बाजूला लाल ठिपका, पाय गुलाबी. थंडीत मात्र मोठ्या पक्ष्याच्या डोक्यावर तपकिरी रेघा येतात, त्या बघून त्याला लहान समजू नये.

ग्लॉकस आणि आइसलँड यांच्यात पहिल्या हिवाळ्यातली चोच बघावी. ग्लॉकसची लांब, जाड, गुलाबी आणि फक्त टोक काळं, रंगात बुडवून काढल्यासारखं, सीमा एकदम स्पष्ट. आइसलँडची छोटी आणि बरीचशी काळपट, बुडाशी मळकट फिकी. ग्लॉकस आपल्या घारीपेक्षाही मोठा, चपट्या डोक्याचा, चेहऱ्याने जरा खडूस वाटतो. आइसलँड लांबीला घारीएवढा, गोल डोक्याचा, भोळा दिसतो (हे शास्त्रीय नाही पण उपयोगी पडतं). बसलेला असताना पंख शेपटीच्या किती मागे जातात तेही बघायचं, आइसलँडचे चोचीच्या लांबीपेक्षा जास्त जातात, ग्लॉकसचे तेवढे नाहीत.

हे पक्षी मुंबईच्या नेहमीच्या पाहुण्यांत नाहीत. पण मार्चमध्ये किनाऱ्यावर पांढराफटक मोठा सीगल दिसला की ग्रुपवर फोटो पडतो आणि कुणीतरी "ग्लॉकस!!" लिहितंच. पिसांचा गडद रंग मेलॅनिनमुळे असतो आणि त्यानेच पीस मजबूतही होतं, पण ऊन आणि खारा वारा खाऊन लहान पक्ष्यांची जुनी पिसं विटतात आणि झिजतात, म्हणून सैबेरियाच्या टुंड्रातून येणारा ह्यूग्लिन्स गलसुद्धा पहिल्या वर्षाच्या शेवटी बराच पांढरा दिसू शकतो. अशा वेळी तो उडायची वाट बघावी, एका पिसाखाली झाकलेला दुसऱ्या पिसाचा भाग विटत नाही, तिथे मूळ तपकिरी रंग सापडतो, शेपटीवरही गडद पट्ट्याची खूण राहते. ल्युसिस्टिक पक्षी, म्हणजे जन्मतःच पिसांत रंग कमी असलेले, ही अजून एक भानगड, तिथे चोच आणि अंगाचा बांधा बघावा.

वय ओळखायची सवय लावायला घरचे दोन कुरव पुरेत, काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा. नोव्हेंबर ते मार्च गेटवेहून मांडव्याची किंवा एलिफंटाची बोट धरायची, लोक शेव-चिप्स टाकतात (टाकू नये खरं तर) आणि पक्षी हातभर अंतरावर येतात, याहून सोपा क्लास नाही. ह्यांना मोठं व्हायला दोनच वर्षं लागतात. पंखावर तपकिरी पिसं आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असेल तर पहिला हिवाळा, पंख स्वच्छ राखाडी आणि शेपटी पूर्ण पांढरी असेल तर मोठा. मोठ्यांमध्ये तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिका आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्याचा डोळा काळा आणि पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर. पण तपकिरी डोक्याच्या पिल्लाचा डोळाही काळाच असतो आणि पंखातले ते ठिपकेही अजून आलेले नसतात, म्हणून नुसत्या डोळ्यावरून नाव देणारे दर सीझनला इथे फसतात.