मुरलेला नर: पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या आकारामागची गोष्ट

1914 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या डॅनबरी गावाजवळ जिम जॉर्डन नावाच्या तरुणाने एक मोठं हरीण मारलं. डोकं भिंतीवर लावायचं म्हणून त्याने ते पेंढा भरणाऱ्या एका माणसाकडे दिलं. तो माणूस गाव सोडून गेला आणि त्याच्याबरोबर शिंगंही गेली. चाळीसहून जास्त वर्षांनी मिनेसोटात जुन्यापान्या सामानाच्या विक्रीत ती कुणीतरी तीन डॉलरला उचलली. मोजल्यावर गुण भरले 206 पूर्णांक 1/8, म्हणजे त्या काळचा जागतिक विक्रम. जॉर्डनच्या नावावर तो लागला 1978 मध्ये. तेव्हा तो हयात नव्हता.

गुण म्हणजे इंच. मुख्य दांडीची लांबी, फाट्यांची लांबी, ठरावीक ठिकाणचे घेर आणि दोन दांड्यांमधलं अंतर यांची बेरीज करायची, डावं-उजवं जुळत नसेल तेवढं वजा करायचं. ही पद्धत 1950 मध्ये पक्की केली ती बून अँड क्रॉकेट क्लबने. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तिच्या कायमच्या नोंदवहीत जायला नेहमीच्या घडणीच्या शिंगांना किमान 170 गुण लागतात. 1993 मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मिलो हॅन्सन या शेतकऱ्याने मारलेल्या नराने 213 पूर्णांक 5/8 गुणांसह जॉर्डनचा विक्रम मागे टाकला.

आपल्याकडे काळविटालाही हरीण म्हणतात आणि चितळालाही, त्यामुळे एक खुलासा आधीच केलेला बरा. काळविटाची शिंगं आयुष्यभराची असतात. चितळ, सांबर आणि हे अमेरिकन हरीण यांची शिंगं गळून पडतात आणि पुन्हा नव्याने येतात. म्हणजे दर वर्षी कोऱ्या पाटीवर हिशेब. वसंतात मखमली कातड्याखाली वाढ सुरू होते, उन्हाळा सरताना कातडं सोलून निघतं, नोव्हेंबरच्या आसपास नर माजावर येतो, हिवाळ्यात शिंगं गळतात. दीड वर्षाच्या नराच्या डोक्यावर बऱ्याचदा नुसत्या काड्या असतात. शिंगांचा खरा भर पाच ते सात वर्षांच्या वयात येतो. शिकारी ज्याला मुरलेला नर म्हणतात तो हा. तो उजेडात फारसा दिसत नाही, वाऱ्याची दिशा बघून चालतो, आणि मचाणावर बसलेल्या माणसाला सापडतो तो बहुधा माजाच्या त्या दोनतीन आठवड्यांत, मादीच्या मागे भान हरपलेला असताना.

पण इतकं वय गाठायला तो जगला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी तीच पंचाईत होती. अठराव्या शतकापासून कातड्यांचा व्यापार, मग बाजारात मांस विकण्यासाठी केलेली सरसकट शिकार आणि जंगलतोड यांमुळे 1900 च्या सुमारास अमेरिकेत ही हरणं जेमतेम तीन ते पाच लाख उरली असा अंदाज आहे. आयोवात तर 1898 मध्ये शिकारच बंद करावी लागली. ती पुन्हा सुरू झाली 1953 मध्ये. 1900 च्या लेसी कायद्याने चोरून मारलेल्या प्राण्यांच्या राज्याबाहेरच्या व्यापाराला लगाम घातला. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. हरणं भरपूर होती तिथून पकडून, गाड्यांत घालून, संपलेल्या भागांत नेऊन सोडली गेली. टेक्सासमध्ये 1960 च्या दशकात आणखी एक अडसर दूर झाला. नवजात पाडसाच्या बेंबीच्या जखमेत अंडी घालणारी, जिवंत मांस खाणाऱ्या अळ्यांची माशी नपुंसक नरमाश्या सोडून आटोक्यात आणली गेली.

या सगळ्या काळात नियम साधा होता: मादीला हात लावायचा नाही, शिंगं असेल ते मारायचं. कळप वाढवायला हे उत्तम. पण कळप वाढल्यावरही सवय सुटली नाही. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या मारले गेलेले बहुतेक नर दीड वर्षाचे होते. आजोबांच्या काळात मोठी हरणं होती, आता बीज बिघडलं, अशी तक्रार मग सुरू झाली. बीज कुठे बिघडलं होतं? जनावरं वाढूच दिली जात नव्हती.

प्रदेशाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. 1847 मध्ये कार्ल बर्गमन या जर्मन अभ्यासकाने मांडलं की थंड प्रदेशातले प्राणी उष्ण प्रदेशातल्या भाईबंदांपेक्षा मोठे असतात, कारण मोठ्या देहातून उष्णता सावकाश निघते. वरवर पाहिलं तर हे हरीण त्याचा आदर्श नमुना आहे. मिनेसोटात 1926 मध्ये मारलेला एक नर आतडी काढल्यावरही 182 किलो भरला. फ्लोरिडाच्या टोकाच्या कीज बेटांवरचा पूर्ण वाढलेला नर साधारण 25 ते 34 किलोचा, खांद्याशी एखाद्या मोठ्या कुत्र्याएवढा. ही बेटांवरची हरणं एके काळी पन्नासहून कमी उरली होती. 1957 मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झालं.

मात्र नियम इथेच अडखळतो. क्वेबेकमधलं अँटिकोस्टी बेट चांगलंच उत्तरेला आहे. ऑन्री मनिए या फ्रेंच चॉकलेट-उद्योजकाने तिथे 1896-97 मध्ये सुमारे 220 हरणं सोडली. लांडगा नाही, कुणी आवरायला नाही. संख्या लाखाच्या वर गेली. हरणांनी फळझुडपं इतकी ओरबाडली की बेटावरची काळी अस्वलं नाहीशी झाली. आणि थंडी असूनही तिथली हरणं मुख्य भूमीवरच्यांपेक्षा लहान राहिली. टेक्सासमध्येही तेच दिसतं. मध्य टेक्सासच्या डोंगराळ, खडकाळ भागात हरणांची दाटी आहे आणि ती अंगाने लहान आहेत. त्याच्याही दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या काटेरी झुडपांच्या मुलखात, नर मोठे आणि शिंगं नाव काढण्यासारखी. झुडपं दिसायला रूक्ष, पण पाल्यात प्रथिनं भरपूर. शिवाय मोठमोठ्या खासगी रँचेसवर बंदुका मोजक्या.

मला सगळ्यात पटणारा पुरावा मिसिसिपीतला आहे. त्या राज्यात नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतले नर दक्षिणेकडच्या वालुकामय पट्ट्यातल्या नरांपेक्षा स्पष्टपणे मोठे भरतात. तिथल्या राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या मातीच्या भागांतली हरणं एकत्र ठेवून सगळ्यांना सारखाच उत्तम चारा दिला. पहिल्या पिढीत फरक राहिला. त्यांच्या पोटी जन्मलेल्या नरांमध्ये मात्र निकृष्ट मातीतल्या वंशानेही मोठी उडी घेतली. म्हणजे ज्याला लोक तिथली जात म्हणत होते, त्यात बराच वाटा आईच्या पोटात असताना मिळालेल्या चाऱ्याचा होता. आयोवा-इलिनॉयचं नाव शिकाऱ्यांच्या तोंडी असतं त्याचंही रहस्य काळी माती, मका आणि सोयाबीन. आयोवात त्याला कायद्याची जोड आहे: बंदुकीचा मुख्य हंगाम डिसेंबरात, म्हणजे माज ओसरल्यावर. भान हरपलेला नर बंदुकीच्या तावडीत सापडत नाही, वर्षभर आणखी जगतो.

ही समज धोरणात उतरायला 1970 चं दशक उजाडलं. दक्षिण टेक्सासच्या रँचेसवर अल ब्रदर्ससारखे वन्यजीव-अभ्यासक सांगू लागले की तरुण नर सोडा, माद्या माफक मारा, चारा आणि संख्या यांचा मेळ घाला. मारलेल्या हरणाचं वय दाढांच्या झिजेवरून ठरवण्याची रीत 1949 पासून हाताशी होतीच. 1988 मध्ये साउथ कॅरोलायनात या विचाराची संघटना उभी राहिली. पुढे राज्यांनी किमान फाट्यांची अट घातली. मिसिसिपीने 1995 मध्ये, पेनसिल्व्हेनियाने 2002 मध्ये. मिसिसिपीत ती काही भागांत उलटली. एकूण चार फाटे असले की मारायला परवानगी, त्यामुळे लहान वयातच चांगली शिंगं आलेले नर आधी गेले, किरकोळ शिंगांचे वाचले, आणि मोठ्या वयाच्या नरांची शिंगं आधीपेक्षा खुजी भरू लागली.

दुसरी अडचण रोगाची. हरणाचा मेंदू पोखरत नेऊन त्याला झिजवून मारणारा एक असाध्य आजार 1967 मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त ठेवलेल्या कळपात दिसला आणि 2002 मध्ये विस्कॉन्सिनच्या रानात सापडला. त्याचं सर्वाधिक प्रमाण आढळतं ते वयस्क नरांमध्येच. मिसूरीने रोगग्रस्त तालुक्यांतून फाट्यांची अट काढून टाकली. तिथे कोवळा नर मारायला पुन्हा मुभा मिळाली.