इंधन नेमकं कधी सोडायचं?

शेवर्ले आणि जीएमसीच्या पिकअप ट्रकमध्ये २००१च्या मॉडेलपासून ड्युरामॅक्स हे ६.६ लिटरचं व्ही-८ डिझेल इंजिन येऊ लागलं. जनरल मोटर्स आणि जपानची इसुझू या दोघांनी मिळून ते घडवलं. त्यात इंधनाचा सगळा हिशेब संगणक ठेवतो. त्यामुळे अमेरिकेतल्या हौशी ट्रकमालकांना पाना हातात न घेता, लॅपटॉप जोडून इंजिनची ताकद वाढवता येऊ लागली. यालाच ट्यूनिंग म्हणतात.

लॅपटॉपवर दिसतात ते आकड्यांचे तक्ते. पेट्रोल इंजिनात आपण ॲक्सिलरेटरने हवा कमी-जास्त करतो. डिझेलमध्ये ताकद ठरते ती इंधनाच्या मात्रेवर. एक तक्ता सांगतो, पाय इतका दाबला तर दर फवाऱ्याला किती घनमिलिमीटर डिझेल द्यायचं. दुसरा सांगतो, तेवढं डिझेल जाण्यासाठी इंजेक्टर, म्हणजे डिझेलचा फवारा सोडणारी तोटी, किती मायक्रोसेकंद उघडा ठेवायचा. तिसऱ्यात रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब. चौथ्यात टायमिंग, म्हणजे फवारा नेमका कधी सोडायचा ते.

नवशिक्याचा हात सगळ्यात आधी दुसऱ्या तक्त्याकडे जातो. इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवला की ताकद वाढणार, असा त्याचा सरळ हिशेब. तो कुठे फसतो, हे एका छोट्या गणितातून दिसतं. इंजिन ३००० आरपीएमवर असताना क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) सेकंदाला ५० फेऱ्या घेतो, म्हणजे १८,००० अंश फिरतो. इंजेक्टर १००० मायक्रोसेकंद उघडा राहिला तर तेवढ्यात क्रँक १८ अंश सरकतो. २००० ठेवला तर ३६ अंश. तोवर पिस्टन वरच्या टोकावरून बराच खाली उतरलेला असतो. उशिरा आलेलं डिझेल पिस्टनला नीट ढकलत नाही. त्याची बरीचशी उष्णता एक्झॉस्टमधून निघून जाते, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) तापतो आणि मागे काळा धूर सुटतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. म्हणून टर्बोच्या आधी मोजलेलं वायूचं तापमान फार वेळ ७०० अंश सेल्सियसच्या वर राहू द्यायचं नाही, असा अनुभवी ट्यूनर मंडळींचा साधारण दंडक आहे.

मग डिझेल आधीच सोडावं, म्हणजे टायमिंग पुढे आणावं का? आणावं, पण जपून. फार लवकर पेटलं तर वर येणाऱ्या पिस्टनलाच स्फोटाचा दाब झेलावा लागतो. इंजिनच्या डोक्याखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट जाते, पिस्टनला तडे जातात. शिवाय काजळी कमी झाली तरी नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. डिझेलची ही ओढाताण मला सगळ्यात विलक्षण वाटते: एक विष कमी करायला गेलं की दुसरं डोकं वर काढतं.

तिसरी वाट दाबाची. पहिल्या ड्युरामॅक्सच्या रेलमध्ये कमाल दाब सुमारे १६०० बार, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास ७०० पट! (असल्या दाबाला टिकणाऱ्या नोझल आपल्या नाशिकच्या बॉश कारखान्यातही बनतात. त्या सूक्ष्म कारागिरीचा मला अभिमान वाटतो.) मात्र प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. दाब १००० वरून १६०० बारवर नेला, तरी डिझेल जेमतेम सव्वापट.

ताकदीच्या नादात अनेकांनी धूर गाळणारी फिल्टर यंत्रणाच काढून टाकली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० साली अंदाज मांडला, की आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून प्रदूषण रोखणारी साधनं हटवली गेली. हे तिथे बेकायदेशीर आहे, आणि मला तो ट्यूनिंगच्या विद्येचाही अपमान वाटतो.

विद्या खरी लॉगमध्ये, म्हणजे चालत्या इंजिनच्या नोंदींमध्ये आहे. एका वेळी एकच तक्ता बदलायचा, ट्रक चढावर न्यायचा आणि परत येऊन नोंदी वाचायच्या. मागितलेला रेल दाब १६०० आणि मिळालेला १३५० दिसला, तर पंप पुरा पडत नाही. अशा वेळी इंजेक्टर आणखी वेळ उघडा ठेवला तर दाब अजूनच कोसळतो. तिथे आकडे खाली आणायचे आणि पुन्हा त्याच चढावर निघायचं.